चित्रं, खडे आणि ‘पण का?’

जमिनीवर चित्रांची कार्डं मांडलेली. एकावर तापाने फणफणलेलं तान्हं बाळ, दुसऱ्यावर कळा देऊन थकलेली बाई, तिसऱ्यावर बाळंतपणातला रक्तस्राव. बायका एकेक करून पुढे येतात आणि आपल्या गावात जे दुखणं सगळ्यांत मोठं वाटतं, त्या चित्रावर खडे ठेवतात. लिहिता-वाचता येण्याची गरजच पडत नाही. ढीग कुठे वाढला, ते सगळ्यांनाच दिसतं.

झारखंडमधल्या चक्रधरपूरची ‘एकजुट’ ही संस्था अशा बैठका घेते. डॉ. प्रसंत त्रिपाठी आणि डॉ. निर्मला नायर यांनी २००२ साली ती सुरू केली. बैठक चालवणारी बाई नर्स नसते. त्याच मुलखातली, तिथल्याच बोलीत बोलणारी असते. संस्थेच्या पहिल्या मोठ्या प्रयोगात अशा बायकांना सात दिवसांचं प्रशिक्षण मिळालं आणि प्रत्येकीने महिन्याला साधारण तेरा गट सांभाळले.

सात दिवसांत आजारांची माहिती पाठ करून घेता येते. अवघड असतं ते उत्तर ठाऊक असूनही गप्प बसणं. आपल्याकडे आरोग्यशिक्षण म्हटलं की फळा, तक्ता आणि ‘हे करा, ते करू नका’. इथे शिकायचं ते वेगळंच: गोष्ट अर्ध्यावर कुठे थांबवायची, मागे बसलेल्या सुनेला बोलतं कसं करायचं, सासूचा मान राखून तिचं मत बाजूला कसं ठेवायचं. हे कसब आहे, आणि सुईणीच्या हाताइतकंच ते सरावाने येतं, असं मला ठामपणे वाटतं.

या बैठकांतला ‘पण का?’ हा खेळ मेक्सिकोच्या डोंगरातून आला. डेव्हिड वर्नर आणि बिल बॉवर यांनी १९८२च्या आपल्या पुस्तकात तो मांडला. एका मुलाच्या पायात काटा रुततो आणि तो धनुर्वाताने जातो. का? जखमेत जंतू गेले. पण का? पायात चप्पल नव्हती. पण का? बापाकडे पैसे नव्हते. असं विचारत विचारत गट जंतूंपासून जमिनीच्या मालकीपर्यंत पोचतो. वरवर पोरखेळ वाटतो. पण मृत्यूला ‘नशीब’ म्हणून गप्प बसायची सवय मोडायला याहून साधं हत्यार मला माहीत नाही.

‘एकजुट’च्या चक्रात अशा वीस बैठका होत्या: आधी अडचणी ओळखायच्या, मग उपाय ठरवायचे, ते अमलात आणायचे, शेवटी काय साधलं ते तपासायचं. २००५ ते २००८ या काळात झारखंड आणि ओडिशाच्या तीन जिल्ह्यांत त्याची काटेकोर चाचणी झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली निष्कर्ष आले: बैठका झालेल्या भागांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ३२ टक्क्यांनी कमी होते. नवे दवाखाने उभे राहिले नव्हते. बदललं होतं ते घरातलं वागणं: बाळंतपणाच्या वेळची स्वच्छता, बाळाला गुंडाळणं, फक्त अंगावरचं दूध देणं. तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. मला हा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. मनाच्या आजारावर कुणी औषध दिलं नव्हतं. महिन्यातून एकदा बायका एकत्र बसत होत्या, एवढंच.

हीच पद्धत मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २००९मध्ये वापरून पाहिली, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. तिथे बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होत होती आणि वस्ती सतत हलती होती. म्हणून बैठका टाकाऊ ठरत नाहीत. पण चित्रांचा गठ्ठा उचलून दुसरीकडे नेला की काम झालं, असंही नाही. त्या वस्तीची गोष्ट त्या वस्तीतच रचावी लागते.

झारखंडमध्ये आशाताईंना ‘सहिया’ म्हणतात. ‘एकजुट’च्या पुढच्या चाचणीत बैठका आशांवर सोपवल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंमधली घट ३१ टक्के निघाली. एरवी जिच्या हाती रजिस्टर आणि लसीकरणाची यादी, ती सहिया आता दोन्ही बाजूला ठेवून खाली बसते, एक चित्र उचलते आणि बायकांकडे बघत थांबते.