मशीनवरचा टचस्क्रीन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर कारखान्याला सुटे भाग पुरवणारी, दुरुस्ती करून देणारी लहानमोठी वर्कशॉप दुर्ग-भिलाईच्या परिसरात उभी राहत गेली. दुर्गच्या मोहन नगरात राहायचं आणि हथखोज किंवा बोरईच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीला जायचं, असं आयुष्य काढणाऱ्यांत मराठी माणसंही आहेत. एखाद्या जुन्या लेथला, प्रेसला किंवा ड्रिलिंग मशीनला नवं पॅनेल बसवायचं ठरलं, की आता चर्चा टचस्क्रीनपाशी येऊन थांबते. कोणता घ्यायचा, केवढा घ्यायचा, कितीचा घ्यायचा?

या चर्चेत मोबाइलवरून आलेल्या समजुतींचा भरणा असतो. चुकीच्या पडद्यावर गेलेला पैसा एखाद्या वर्षात भरून निघतो, पण मशीनखाली गेलेलं बोट परत येत नाही. म्हणून या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज १ : मोबाइलसारखा काचेचा पडदा सगळ्यात चांगला.

वस्तुस्थिती : टचस्क्रीनचे दोन मुख्य प्रकार वर्कशॉपात भेटतात. कॅपॅसिटिव्ह पडदा बोटाच्या विद्युतभाराला ओळखतो. वर काच असल्यामुळे तो चरे सहन करतो आणि स्पष्ट दिसतो. पण जाड हातमोजा मध्ये आला की त्याला बोट कळत नाही, आणि पाण्यात कालवलेला कूलंट त्यावर उडाला तर न दाबलेलं बटण दाबल्यासारखं वाटू शकतं. हातमोज्यांसाठी आणि ओल्या पृष्ठभागासाठी खास जुळवलेले औद्योगिक कॅपॅसिटिव्ह पडदे मिळतात, मात्र तसं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

रेझिस्टिव्ह पडद्यात दोन वाहक थर असतात. दाब दिला की ते एकमेकांना टेकतात आणि स्पर्शाची जागा कळते. दाब बोटाचा आहे, हातमोज्याचा की पेनाच्या टोकाचा, याने फरक पडत नाही. तेलकट हातानेही तो चालतो. त्याची कमजोरी वरच्या प्लॅस्टिकच्या थरात आहे. धातूचा कीस बोटाला चिकटलेला असेल तर थर खरवडला जातो, आणि थिनरने पुसला तर खराब होऊ शकतो.

आयुष्याचा हिशेबही करून पाहावा. चार तारांच्या रेझिस्टिव्ह पडद्यासाठी एका जागी सुमारे १० लाख स्पर्श हा सर्रास दिला जाणारा आकडा आहे. आठ तासांच्या पाळीत दर २० सेकंदांनी एक जॉब निघत असेल, तर सायकल स्टार्ट दिवसाला १,४४० वेळा दाबलं जाईल. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर ४ लाख ३२ हजार. म्हणजे सव्वादोन वर्षांत तेवढी जागा थकायला लागेल. पाच तारांचा पडदा याच्या कितीतरी पट टिकतो. पण खरा उपाय सोपा आहे : जॉबगणिक दाबायचं बटण पडद्यावर ठेवूच नका. त्यासाठी पॅनेलवर २२ मिलिमीटरचं साधं पुश बटण बसवा. पडदा सेटिंगसाठी, आकडे पाहण्यासाठी आणि अलार्म वाचण्यासाठी राहू द्या.

गैरसमज २ : टचस्क्रीन हाच मशीनचा मेंदू.

वस्तुस्थिती : बहुतेक मशीनवर निर्णय पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक, घेतो. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, मोटर कधी बंद करायची, हे सगळं त्याच्या प्रोग्रॅममध्ये असतं. पडदा फक्त पीएलसीतले आकडे दाखवतो आणि आपले आदेश त्याच्याकडे पोहोचवतो. पडदा काळा पडला तरी मशीन चालूच राहू शकतं. शिकाऊ मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. पडदा विझलेला दिसतोय म्हणून मशीन बंद आहे असं समजून आत हात घालणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज ३ : पडद्यावर मोठं लाल बटण काढलं की इमर्जन्सी स्टॉपची सोय झाली.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे. इमर्जन्सी स्टॉपसाठी आयएसओ १३८५० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि मशीनच्या विद्युत यंत्रणेसाठी आयईसी ६०२०४-१. त्यांना अपेक्षित आहे ते खरंखुरं, हाताने दाबता येणारं साधन : पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल मशरूम बटण, दाबल्यावर अडकून राहणारं, आतला संपर्क थेट यांत्रिक जोराने तोडणारं. ते फिरवून मोकळं केलं तरी मशीन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळा स्टार्ट द्यावा लागला पाहिजे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २४व्या कलमानेही प्रत्येक कामाच्या खोलीत आणीबाणीत वीज तोडण्याचं साधन असण्याचं बंधन घातलं होतं.

पडद्यावरचं बटण हे काम करू शकत नाही, कारण त्याचा आदेश लांबच्या वाटेने जातो. स्पर्श ओळखला गेला पाहिजे, पडद्याचं सॉफ्टवेअर चालू असलं पाहिजे, केबल जोडलेली असली पाहिजे, पीएलसीने संदेश वाचला पाहिजे. यातली एक पायरी चुकली की मशीन चालूच. शिवाय त्या क्षणी पडद्यावर दुसरंच पान उघडलेलं असेल तर लाल बटण समोर नसतंच. घाबरलेला माणूस पान शोधत नाही, तो हाताला लागेल त्यावर थाप मारतो.

जॉगचं बटणही याच कारणासाठी जपून ठेवावं. दाबलं की मशीन सरकतं आणि सोडलं की थांबतं, अशी त्याची अपेक्षा असते. पडदा दाबल्यावर ‘१’ पाठवतो आणि सोडल्यावर ‘०’. या दोघांच्या मध्ये केबल निसटली तर ‘०’ पोहोचतच नाही आणि मशीन सरकत राहतं. जॉगसाठी खरं बटण लावा. नाइलाजाने पडद्यावर ठेवायचंच असेल, तर संपर्क तुटताच पीएलसीने हालचाल थांबवावी अशी तजवीज प्रोग्रॅममध्ये करून घ्या. ती झाली आहे की नाही, हे भाराशिवाय मशीन चालवून आणि केबल काढून पाहा.

गैरसमज ४ : आयपी ६५ लिहिलंय, म्हणजे पाणी आणि तेल दोन्ही चालतं.

वस्तुस्थिती : आयपी ६५ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. ५ साठीची चाचणी ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाणी मारून केली जाते. ती पाण्याने होते, कटिंग ऑइलने किंवा कूलंटने नाही. गॅस्केटच्या रबराला तेल खातं का, हे या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा बहुधा समोरच्या बाजूपुरताच असतो. मागची बाजू अनेकदा आयपी २० असते, म्हणजे बोट आत जाणार नाही एवढंच संरक्षण. आणि समोरचा आकडाही तेव्हाच खरा, जेव्हा पत्र्यातला कट-आऊट मापात कापलेला असतो, पत्रा सपाट असतो, गॅस्केट जागेवर असतं आणि सगळे क्लॅम्प सारखे आवळलेले असतात. ग्राइंडरने वाकडातिकडा कापलेला कट-आऊट महागड्या पडद्याचं संरक्षण शून्यावर आणतो. लोखंडाची बारीक धूळ असलेल्या वर्कशॉपात याची किंमत लवकर मोजावी लागते, कारण ती धूळ वीज वाहून नेते.

गैरसमज ५ : पडदा ५० अंशांपर्यंत चालतो आणि आपल्याकडे ४५ अंश, मग काळजी नको.

वस्तुस्थिती : माहितीपत्रकातले ५० अंश हे पडद्याच्या आजूबाजूच्या हवेचे असतात, आणि त्याची मागची बाजू पॅनेलच्या आत असते. दुर्ग-भिलाईच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद पत्र्याच्या पेटीत ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय तापत असतील, तर आतलं तापमान सहज १० अंशांनी वर जातं. मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

म्हणून पडदा ड्राइव्हच्या थेट वर बसवू नये. आजूबाजूला पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडावी. पॅनेलला पंखा आणि फिल्टर असावा, आणि फिल्टर साफ करण्याचा दिवस ठरलेला असावा. काम नसताना प्रकाश मंद करण्याची सोय चालू ठेवावी. बॅकलाइटचं आयुष्य ५०,००० तास दिलेलं असेल तर रात्रंदिवस पेटता ठेवून ते पावणेसहा वर्षांत संपतं, आणि हे ‘संपणं’ म्हणजे प्रकाश निम्मा होणं.

गैरसमज ६ : मोठा पडदा घेतला की सगळं एकाच पानावर मावेल.

वस्तुस्थिती : आधी बटणाचं माप ठरवा, पडद्याचं नंतर. हातमोजा घातलेल्या बोटासाठी २० मिलिमीटरचा चौकोन सोयीचा पडतो. सात इंची, ८०० बाय ४८० बिंदूंचा पडदा साधारण १५३ मिलिमीटर रुंद आणि ९१ मिलिमीटर उंच असतो. त्यावर मोकळ्या फटी ठेवून २० मिलिमीटरच्या बटणांच्या तीन ओळी आणि एक शीर्षक आरामात बसतं. एका साध्या प्रेसला एवढं पुरतं. पानं वाढली तर चालतात, बटणं बारीक झालेली चालत नाहीत.

यंत्रावरचा टचस्क्रीन मोबाइलवरच्या टचस्क्रीनच्या फार आधी आला. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत बेंट स्टम्प या डॅनिश अभियंत्याने १९७० च्या दशकात कॅपॅसिटिव्ह पडदा घडवला, तो सात किलोमीटर परिघाच्या कणप्रवेगकाच्या नियंत्रण कक्षासाठी. १९७६ साली तो यंत्रणेसह कामाला लागला. एवढ्या अवाढव्य यंत्रासाठीही त्या पडद्यावर मोजकीच बटणं होती, आणि कामाप्रमाणे त्यांचा अर्थ बदलत असे. ही शिस्त आजही उपयोगाची आहे : एका पानावर एका कामाची बटणं.

गैरसमज ७ : टॅब्लेट किंवा घरगुती टच मॉनिटर तेच काम स्वस्तात करतो.

वस्तुस्थिती : संगणकावर चालणाऱ्या सीएनसीसाठी, उदाहरणार्थ लिनक्ससीएनसीसाठी, मॉनिटर लागतोच आणि टच मॉनिटरही चालतो. अडचण स्पर्श वाहून नेणाऱ्या यूएसबी केबलची असते. शेजारी ड्राइव्ह आणि कॉंटॅक्टर असले की त्यांच्या विद्युत गोंगाटाने यूएसबीचा संपर्क तुटतो आणि ऐन कामात स्पर्श बंद पडतो. केबल आखूड आणि शील्डवाली घ्यावी, मोटरच्या तारांपासून वेगळ्या वाटेने न्यावी, अर्थिंग नीट करावं आणि ड्राइव्हला फिल्टर लावावा. कंपन आणि कूलंट असलेल्या जागी मात्र २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, पॅनेलमध्ये बसणारा औद्योगिक पडदाच घ्यावा.

गैरसमज ८ : कोणताही पडदा कोणत्याही पीएलसीशी बोलतो, आणि एकदा चालू झाला की काम संपलं.

वस्तुस्थिती : दोघांना एकच प्रोटोकॉल यावा लागतो. १९७९ पासून वापरात असलेला मॉडबस बहुतेकांना येतो, पण ‘बहुतेकांना’ वर विसंबून पैसे देऊ नका. आपल्या पीएलसीचं मॉडेल पडद्याच्या यादीत आहे का, ते पाहा.

भिलाईच्या शॉपमध्ये हिंदी, छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, ओडिया बोलणारी माणसं एकाच मशीनवर पाळी बदलतात. अलार्म वाचता आला नाही तर तो असून नसल्यासारखाच. देवनागरी मजकूर हवा असेल तर विक्रेत्याला पडद्यावर ‘स्पिंडल स्थिती’ लिहून दाखवायला सांगा. काही पडद्यांवर जोडाक्षरं सुटतात आणि वेलांटी भलत्या जागी जाते. तसं झालं तर मजकूर चित्र म्हणून टाकता येतो.

आणि पडद्यावरची पानं ज्यात बनवली त्या प्रोजेक्टची मूळ फाइल स्वतःकडे घ्या. पडद्यातून परत काढलेली प्रत अनेकदा संपादित करता येत नाही. पाच-सहा वर्षांनी पडदा गेला, मॉडेल बंद झालं आणि पॅनेल करणारा सापडत नाही, तर चांगलं मशीन एका फाइलसाठी उभं राहतं. ऑर्डरमध्येच लिहून घ्या : मूळ फाइल, पासवर्ड आणि पीएलसीचा प्रोग्रॅम मालकाच्या ताब्यात दिल्यावरच शेवटचा हप्ता.

खरेदीचा निर्णय दुकानाच्या गार, स्वच्छ टेबलावर घेऊ नका. नमुन्याचा पडदा मशीनपाशी मागवा. त्यावर काम करणाऱ्या टर्नरला रोजचे हातमोजे घालून, कूलंटच्या ओल्या बोटांनी तो चालवू द्या, आणि त्याचं मत मालकाच्या मताइतकंच मोजा. पडदा मालक विकत घेतो, पण पाळीभर त्याच्यासमोर उभा टर्नर राहतो. आणि पडदा कोणताही ठरो, शेजारचं लाल मशरूम बटण आधी बसवा आणि ते दाबून मशीन थांबतं का, हे दर पाळीच्या सुरुवातीला पाहा.