पोटरीतल्या झडपेमागे

विंचूरच्या कांदा मार्केटात गोण्या उचलणाऱ्याला ‘मणक्यातली गादी सरकली’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की घरच्यांना धास्ती असते ती पाय लुळे पडण्याची. पोटरीकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं, आणि खोडी कधीकधी नेमकी तिथेच सुरू होते.

पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. ते पुन्हा खाली उतरू नये म्हणून शिरेच्या आत इवल्या झडपा असतात. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस तासन्‌तास पालथा, निश्चल. झडपेच्या पडद्यामागच्या खोबणीत रक्त रेंगाळतं, तिथला प्राणवायू घटतो आणि फायब्रिनचे धागे विणले जाऊन गुठळी धरू लागते. वर पाठीत, जखमेचं रक्त थांबवायला, हेच धागे हवे असतात!

पायातला हा गुठळीचा खेळ चालू असतानाच पाहिला तो लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांनी. 1969 साली त्यांनी ऑपरेशनच्या 132 रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा माल, टोचलं आणि पायांवरून यंत्र फिरवलं. 40 जणांच्या पायांत गुठळ्या निघाल्या. त्यांतल्या 14 जणांच्या तर 72 तासांत आपोआप विरघळल्या. शरीर स्वतःच गाठ मारतं आणि स्वतःच सोडवतं. पुढे 1975 साली 4,121 रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीत पायातून सुटलेली गुठळी फुफ्फुसात अडकून, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनविना 16 जण दगावले, हेपॅरिन घेतलेले फक्त 2.

मग मणक्याच्या प्रत्येक रुग्णाला हेपॅरिन का नको? इथेच घोडं पेंड खातं. मज्जारज्जूभोवती जागा जेमतेम. तिथे रक्त साचलं तर दाबाने पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून संशोधनाचा सगळा भर आता ‘कुणाला आणि केव्हा’ यावर आहे. पाय आधीच लुळे पडलेले, कर्करोग असलेले, पूर्वी गुठळी झालेले रुग्ण जास्त धोक्यात. बाकीच्यांना बऱ्याचदा पाय आळीपाळीने दाबणाऱ्या हवेच्या पट्ट्या आणि लवकर चालवणं यांवर भागतं. करोनात घरोघरी पोचलेली, रक्तात गुठळीचे अवशेष मोजणारी डी-डायमर चाचणीही इथे एकटी पुरत नाही, कारण ऑपरेशननंतर तो आकडा तसाही चढतो.

नाशिकहून ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, दुखली, तर तेल लावून चोळू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा.