माऊस घेताय? आधी दाबून बघा!

"किती डीपीआय आहे रे?" गेमिंग माऊस घ्यायचा म्हटलं की ग्रुपवर पहिला प्रश्न हाच येतो. खरं तर या आकड्यावर अडून बसण्यात काही अर्थ नाही. स्वस्त माऊसच्या बॉक्सवरही हजारोंचे आकडे छापलेले असतात, आणि व्हॅलोरंट खेळणारे बरेचजण सेटिंग ४०० ते १६०० मध्येच ठेवतात. स्टायपेंडमधून साठवलेले दोन-तीन हजार पाण्यात जातात ते वेगळ्याच कारणांनी. क्लिक दगा देतं, ग्रिप चिकट होते किंवा ऐन मॅचमध्ये सिग्नल तुटतो. माझा पहिला वायरलेस माऊस एक पावसाळाही धड टिकला नाही. बिल घेतलं नव्हतं, त्यामुळे बोलायची सोयही नव्हती!

म्हणून सांगते, अंधेरी-बोरिवलीकरांनो, स्लो लोकल पकडा. मुलुंड-घाटकोपरकरांनो, दादरला गाडी बदला. ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळेलही, पण माऊस ही हातात धरून घ्यायची वस्तू. सीलबंद बॉक्स कोणी फोडून देणार नाही, डिस्प्ले पीस मात्र बिनधास्त मागा.

हातात घेतल्यावर…

अंगठा आणि करंगळीकडच्या बोटांनी दोन्ही बाजू जोरात दाबा. करकर आवाज आला किंवा प्लास्टिक दबून साइड बटण आपोआप क्लिक झालं, तर माऊस परत ठेवा. मग कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळत असेल तर दुकानदाराला विचारा. डावं-उजवं बटण आडवं फार हलतंय का, तेही बघा.

वजनही महत्त्वाचं. लॉजिटेकचा जी ३०४ हा बजेटवाल्यांचा आवडता माऊस ९९ ग्रॅमचा आहे. त्यातले साधारण २३ ग्रॅम तर एकट्या पेन्सिल सेलचे! त्याच कंपनीचा जी प्रो एक्स सुपरलाइट जेमतेम ६३ ग्रॅमचा, पण किंमत कित्येक पट. हलका माऊस झटकन फिरतो, मनगटही कमी दुखतं. फक्त हलक्या माऊसचं प्लास्टिक पातळ असू शकतं, म्हणून तिथे दाबून बघणं आणखी गरजेचं.

आता आपली मुंबईची हवा. रबरासारखं मऊ कोटिंग दुकानात भारी वाटतं, पण घाम आणि दमटपणा यांनी ते हळूहळू चिकट होतं. त्यापेक्षा खरखरीत साधं प्लास्टिक बरं. साध्या स्विचमधली धातूची पट्टी झिजली किंवा तिच्यावर गंज धरला की एका क्लिकला दोन क्लिक पडतात. ऑप्टिकल स्विचमध्ये क्लिक प्रकाशकिरणाने ओळखलं जातं, त्यामुळे हा त्रास जवळपास नसतोच.

बॉक्समध्ये काय?

एक्स्टेन्शन केबल असेल तर ती अडगळीत टाकू नका. वन बीएचकेमध्ये सीपीयू टेबलाखाली असतो आणि रिसीव्हर त्याच्या मागे खुपसलेला. त्यात शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क लावली, की तिचा अडथळा रिसीव्हरच्या २.४ गिगाहर्ट्‌झ सिग्नलला होऊ शकतो. केबल लावून रिसीव्हर माऊसपासून वीतभर अंतरावर आणा, फरक लगेच कळेल.

चार्जिंगवाला माऊस असेल तर पोर्टची खाच बघा. ती अरुंद असली तर फोनची टाइप-सी केबल आत जातच नाही, कंपनीचीच जपून ठेवावी लागते. रिसीव्हर ठेवायला माऊसमध्ये जागा आहे का? जी ३०४ च्या झाकणाखाली ती आहे. रोज बॅग छातीशी धरून लोकलमध्ये चढणाऱ्यांना ही जागा हवीच, कारण ब्लूटूथ नसलेल्या माऊसचा रिसीव्हर हरवला की संपलं सगळं. तळाला चिकटवायच्या टेफ्लॉनच्या जादा पट्ट्या आणि ग्रिप टेप मिळाली तर बोनस समजा.

निघण्याआधी…

बॉक्सवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी असायलाच हवी. 'बिलाशिवाय दोनशे कमी' ही ऑफर नाकारा, नाहीतर वॉरंटी मागायला गेल्यावर हात हलवत परत याल. पक्कं बिल असूनही दुकानदार टोलवाटोलवी करायला लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या.