जुन्या घराची बाग पुन्हा कशी उभारावी?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जुनी कौलारू घरे अजून पुष्कळ आहेत. पुढे अंगण, मागे परडे, परड्यात विहीर, दोन-चार आंबे आणि एखादा फणस. मुले मुंबईला, गोव्याला किंवा आखातात नोकरीसाठी गेली की घराला कुलूप लागते आणि परड्यात घाणेरी माजते. मग मे महिन्याच्या सुटीत कोणीतरी येतो, जेसीबी बोलावतो आणि अर्ध्या दिवसात सारे साफ करून टाकतो. झुडपांबरोबर आजोबांनी लावलेली कलमेही जातात. असे करण्यापूर्वी थोडे थांबावे, म्हणून हा लेख.

बाग कशी जगते आणि पुन्हा कशी उठते, याचे एक चांगले उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. १९५३ साली बेळगाव धर्मप्रांत स्थापन होण्यापूर्वी आपल्या भागाचे धार्मिक नाते गोव्याशीच होते, तेव्हा हे उदाहरण परके नाही. जुझे पावलु द आल्मैदा हे गोव्याच्या कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तेथील धर्मगुरुमंडळाचे प्रमुख. त्यांनी केपे हे गाव वसविले आणि १७८७ साली कुशावती नदीच्या काठी स्वतःसाठी वाडा बांधला. समोर चर्च, मागे नदीकडे पाहणारी बाग. पुढे वाडा डीनच्या हाती राहिला नाही. एके काळी तेथे निराधार स्त्रियांना आसरा मिळत असे. नंतर वास्तू मोडकळीस आली आणि बागेत रान वाढले. या शतकाच्या आरंभी एका गोमंतकीय दांपत्याने वाडा व बाग दोन्ही कष्टाने पुन्हा उभी केली. आज ते त्यांचे राहते घर आहे, आणि लोक मुद्दाम पाहायला जातात.

आपल्यापाशी वाडा नसेल. पण रीत तीच. ती आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, घाई नको. लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराचा दाखला आठवा. झाड फळ देत नाही म्हणून धनी तोडायला निघतो. माळी मात्र आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालतो. आपणही चारही ऋतू पाहावेत. पावसात पाणी कोठे साचते, उन्हाळ्यात सावली कोठे पडते, कोणते कंद जमिनीतून वर येतात, हे लिहून ठेवावे. घरातील वृद्धांना विचारून परड्याचा कच्चा नकाशा काढावा. पाट कोठून जात होता, न्हाणीचे पाणी कोणत्या झाडाला होते, हे त्यांनाच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट, तण. घाणेरी ही मूळची अमेरिकेतील. शोभेचे झाड म्हणून साहेबांच्या काळात आली आणि रानभर पसरली. तिचा पाला गुरांना विषारी असतो. गाजरगवत पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास नजरेस आले. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो. दोन्ही फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावीत.

तिसरी गोष्ट, विहीर. बरीच वर्षे न वापरलेल्या विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो. कंदील सोडून तो विझला तर उतरूच नये. पण कंदील जळतो म्हणून विहीर सुरक्षित आहे, असेही समजू नये. गाळ काढणे हे माहीतगार माणसांचे काम आहे. पाणी पिण्याआधी तपासून घ्यावे, आणि डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडावेत.

चौथी गोष्ट, जुने आंबे. फळ कमी झाले म्हणजे झाड मेले असे नव्हे. पावसाळा संपल्यावर वाळलेल्या व दाट फांद्या छाटाव्यात. सगळे झाड एकाच वर्षी बोडके करू नये. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. खोडातून भुसा गळत असेल तर भिरूड लागली असे समजावे व बागायत खात्याचा सल्ला घ्यावा.

शेवटी, बाग वापरात हवी. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी, कुंपणाशी शेवगा, स्वयंपाकघराजवळ कढीपत्ता व पपई लावावी. शेवग्याच्या पाल्यात व पिकलेल्या पपईत डोळ्यांना हितकारक 'अ' जीवनसत्त्वाचा भरपूर अंश असतो. ज्या परड्यातून रोज काहीतरी ताटात येते, त्याकडे रोज कोणीतरी जाते.

एक विनंती. वाटणीच्या वेळी भावाभावांनी विहीर आणि मोठी झाडे सामाईक ठेवावीत व तसे कागदावर लिहून घ्यावे. आम्ही अनेक घरी पाहिले आहे की, भांडण मिटते तोवर झाड उरत नाही. घर कुलूपबंद असेल तर शेजारच्या एखाद्या गरजू कुटुंबाला परडे कसायला द्यावे. त्यांच्या घरी भाजी जाईल आणि तुमची बाग जिवंत राहील.