निरोप आणि फारकत : डॉली पार्टन यांच्या एका गीताचा अर्थविचार

ताटातुटीचे गीत हा बहुतेक भाषांतील एक जुना काव्यविशेष आहे. मराठीत त्याचा विचार करताना आपल्यासमोर प्रथम 'विराणी' येते. विराणीत वियोग घडून गेलेला असतो, दूर गेलेला 'तो' असतो आणि मागे राहिलेली 'ती' बोलत असते. अमेरिकन कंट्री संगीतातही मागे राहिलेल्या स्त्रीची गीते विपुल आहेत. परंतु निवेदिका स्वतःच निघून जात आहे, तिच्या मनात राग नाही, आणि तरीही तिचा निर्णय अटळ आहे, अशा गीताला विराणी म्हणता येत नाही. डॉली पार्टन यांचे 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे असे गीत आहे. त्याचा अर्थ लावण्यासाठी मराठीतील 'फारकत' हा शब्द अधिक उपयोगी पडतो. कारण या शब्दात नाते तुटणे जसे आहे, तसाच हक्क सोडल्याचा लेखी कागदही आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांनी या गीताचा विचार करावयाचा आहे.

पार्टन यांचा जन्म १९४६ साली टेनेसी राज्यातील सेव्हियर परगण्यात, बारा भावंडांच्या गरीब शेतकरी कुटुंबात झाला. चर्चमधील सामूहिक गायन आणि आईच्या तोंडची जुनी कथागीते हे त्यांचे पहिले शिक्षण होय. १९६४ साली शालेय शिक्षण संपताच त्या नॅशव्हिलला गेल्या. तेथे प्रारंभी त्यांना ओळख मिळाली ती गीतलेखिका म्हणून. मामा बिल ओवेन्स यांच्यासह त्यांनी गीतांच्या प्रकाशनहक्कांसाठी स्वतःची संस्थाही काढली. गायिका म्हणून कीर्ती मिळण्यापूर्वीच त्यांनी शब्दांच्या मालकीचा विचार केला होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९६७ साली पोर्टर वॅगनर या प्रस्थापित गायकाने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पार्टन यांना सहगायिका म्हणून घेतले. या कार्यक्रमामुळे त्या घरोघरी पोहोचल्या आणि दोघांची युगुलगीतेही गाजली. तथापि, कार्यक्रम वॅगनर यांचा होता आणि पार्टन यांचे स्थान त्यात दुय्यमच राहणार होते. पाच वर्षे राहण्याचे वचन देऊन आलेल्या पार्टन सात वर्षे राहिल्या. स्वतंत्र वाटचालीचा विषय निघाला की वाद होत. वादाने जे पटत नाही ते गीताने सांगावे, म्हणून आपण हे गीत लिहिले आणि दुसऱ्या दिवशी वॅगनर यांच्यासमोर बसून गायिले, असे पार्टन यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. गीताचे ध्वनिमुद्रण १९७३ साली झाले, आणि १९७४ साली ते 'बिलबोर्ड'च्या कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. त्याच वर्षी त्यांनी वॅगनर यांचा कार्यक्रम सोडला.

म्हणजे, ताटातुटीचे आदर्श प्रेमगीत म्हणून जगभर ओळखली जाणारी ही रचना मुळात प्रियकराला उद्देशून नाही; ती व्यावसायिक गुरूला दिलेला निरोप आहे. मात्र संहितेत याचा कोठेही उल्लेख नाही. तेथे फक्त 'मी' आणि 'तू' आहेत. ना नाव, ना स्थळ, ना भांडणाचे कारण. पार्टन यांच्या इतर अनेक गीतांत नावे, वस्तू आणि प्रसंग ठळकपणे येतात. 'जोलीन'मध्ये तर दुसऱ्या स्त्रीच्या नावाचाच धावा आहे. त्या तुलनेत येथील रिक्तता उठून दिसते. गीताची वाटचाल तीन टप्प्यांत होते. प्रथम आपण राहिलो तर समोरच्याच्या वाटेत अडसर होऊ, असे निवेदिका म्हणते. मग कडूगोड आठवणींखेरीज आपण काहीही बरोबर नेत नाही, हे ती स्पष्ट करते. आणि अखेरीस त्याच्या सुखाची कामना करते. हा क्रम पाहिला असता फारकतीचा कागद डोळ्यांपुढे उभा राहतो : जाण्याचे कारण, देण्याघेण्याचा निवाडा आणि शुभचिंतन. मूळ ध्वनिमुद्रणात शेवटचे कडवे गायिलेले नसून बोललेले आहे. कंट्री परंपरेत असे गद्यवत् कथन रूढ आहे. त्यामुळे शुभेच्छा अलंकारासारखी न वाटता समोरासमोर उच्चारलेल्या शब्दांसारखी वाटते.

परंतु व्यवहारातील फारकत गीतातल्याइतकी सौम्य नव्हती. १९७९ साली वॅगनर यांनी पार्टन यांच्यावर आर्थिक दावा दाखल केला. तो न्यायालयाबाहेर मिटला. २००७ साली वॅगनर यांचे निधन होण्यापूर्वी दोघांत समेट झालेला होता. दुसरा प्रसंग एल्व्हिस प्रेस्ली यांचा. त्यांना हे गीत गावयाचे होते. मात्र त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी प्रकाशनहक्कांतील निम्मा वाटा मागितला आणि पार्टन यांनी नकार दिला. प्रेस्ली यांचा आवाज लाभणे म्हणजे कोणत्याही गीतकाराचे भाग्य, अशा काळातील हा नकार आहे. 'आठवणींखेरीज काही नेत नाही' असे म्हणणाऱ्या निवेदिकेची कर्ती ते शब्द मात्र स्वतःजवळच ठेवते. निवेदिकेचा त्याग आणि कवयित्रीची मालकी यांतील हे अंतर लक्षात घेतल्याखेरीज गीताचे चरित्र पूर्ण होत नाही.

यानंतर पार्टन यांनी कंट्रीची सीमा ओलांडली. १९७७ सालचे 'हिअर यू कम अगेन' हे बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांनी लिहिलेले गीत पॉप यादीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेले. कंट्री श्रोता दुरावू नये म्हणून त्यात स्टील गिटारचा स्वर घालण्याचा आग्रह त्यांनी धरला होता. '९ टू ५' हे कचेरीत काम करणाऱ्या स्त्रियांविषयीचे त्यांचे गीत १९८१ साली पॉप यादीतही अग्रस्थानी आले. १९८२ साली 'द बेस्ट लिटल व्होअरहाउस इन टेक्सस' या चित्रपटासाठी त्यांनी आपले निरोपगीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि तेच गीत कंट्री यादीत पुन्हा अग्रस्थानी पोहोचले. चित्रपटात ते नायिकेच्या तोंडी, प्रियकराला उद्देशून येते. गुरूच्या निरोपाचे प्रेमगीतात झालेले हे रूपांतर प्रथम कवयित्रीच्याच हातून घडले, हे येथे नमूद करावयास हवे.

१९९२ साली 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी हे गीत गायिले. ते अमेरिकेच्या मुख्य पॉप यादीत १४ आठवडे अग्रस्थानी राहिले. आरंभी वाद्यांची साथ नाही, एकटा आवाज. आणि शेवटाकडे गॉस्पेल परंपरेतील चढता, विस्तारित स्वर. पार्टन यांच्या गायनात निरोप दबलेला, जवळजवळ पुटपुटलेला आहे. ह्यूस्टन यांच्या गायनात तो घोषणेसारखा होतो. शब्द तेच असूनही पहिल्या रूपात निघून जाण्याचे अवघडलेपण ऐकू येते, तर दुसऱ्यात निघून जाण्याचे सामर्थ्य. भाषांतर न होताही संहितेचा असा अनुवाद होऊ शकतो, ही बाब तुलनाकारांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. या अनुवादामागे संहितेतील रिक्तता आहे. नाव आणि प्रसंग नसल्यामुळेच नव्या गायिकेला आपला प्रसंग तेथे ठेवता आला. ह्यूस्टन यांच्या गायनातून मिळालेल्या मानधनाचा काही भाग आपण नॅशव्हिलमधील एका कृष्णवर्णीय वस्तीतील मालमत्तेत गुंतवल्याचे पार्टन यांनी २०२१ साली सांगितले.

मराठी परंपरेशी ताडून पाहता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. लावणीत स्त्रीचा स्वर ठसठशीत आहे, पण रामजोशी, होनाजी बाळा यांच्यासारखे तिचे नामवंत कर्ते पुरुष आहेत. जात्यावरच्या ओवीत स्वर स्त्रीचा आणि रचनाही स्त्रीची. मात्र कर्ती अनाम आहे, आणि तिच्या शब्दांवर कोणाची मालकी हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. पार्टन यांच्या गीतात स्वर, रचना आणि हक्क हे तिन्ही एकाच स्त्रीकडे आहेत. अर्थात, ओवी ही मौखिक समूहजीवनाची निर्मिती आहे, तर हे गीत ध्वनिमुद्रण उद्योगाचे अपत्य आहे. म्हणून एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ ठरविणे योग्य नव्हे. तथापि, 'गीतात कोण बोलते?' या प्रश्नापाशी आपली चिकित्सा बहुधा थांबते. 'ते बोल कोणाचे आहेत?' आणि 'त्यांचे मोल कोणाकडे जाते?' हे पुढचे दोन प्रश्न होत.

लोकप्रिय गीताचा अभ्यास केवळ भावाशयापुरता ठेवला, तर 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे एक हळवे प्रेमगीत उरते. लेखन, करार आणि गायन यांच्यासह ते वाचले, तर एका सहगायिकेने स्वतःचे नाव स्वतःकडे परत घेतल्याचा तो दस्तऐवज ठरतो. त्याचा हळवेपणा खोटा ठरत नाही. त्या हळवेपणासाठी तिला काय राखावे लागले, एवढे मात्र कळते.