कॅमेऱ्यातून संगणकात

मुलांनो, ईदच्या दिवशी तुमच्या घरी फोटो काढतात ना? नवे कपडे घातलेली भावंडे, शीरखुर्म्याच्या वाट्या आणि सर्वांच्या मध्ये बसलेली दादीजान! पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असे. फोटो फाटला, तर जपून ठेवलेल्या निगेटिव्हवरून दुसरा काढता येई. डिजिटल कॅमेऱ्यात निगेटिव्ह नसते. फोटो एका छोट्या मेमरी कार्डावर आकड्यांच्या रूपात साठतात. कार्ड पुसले, की फोटोही गेला. म्हणून फोटो संगणकात नीट कसे आणावेत, हे आपण शिकू या.

इ. स. १९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने एक डिजिटल कॅमेरा बनवला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. आज नखाएवढ्या कार्डावर हजारो फोटो मावतात. इतके फोटो सांभाळायचे, तर शिस्त हवीच.

कार्ड संगणकाला जोडले, की बहुधा त्यात 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसतो. मोबाइलमध्येही तो असतो. त्यातील फोटोंना कॅमेरा क्रमांक देतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो. त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंचे नाव एकच होऊ शकते. असे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकताना चूक झाली, तर नवा फोटो जुन्याची जागा घेतो आणि जुना नाहीसा होतो!

हा घोटाळा टाळण्यासाठी फोटो सांभाळणारे प्रोग्रॅम असतात. 'डिजिकॅम' हा त्यांपैकी एक. तो मोफत मिळतो. त्यातील 'इंपोर्ट' म्हणजे कार्डावरचे फोटो संगणकात उतरवून घेणे. प्रत्येक फोटोत तो काढल्याची तारीख व वेळ लिहिलेली असते. ती वाचून हा प्रोग्रॅम तारखेप्रमाणे फोटोंचे गट करू शकतो. आधी उतरवलेले फोटो कोणते, हेही तो दाखवतो. मात्र कॅमेऱ्यातले घड्याळ चुकीचे असेल, तर यंदाची ईद भलत्याच वर्षात जाऊन बसेल. म्हणून घड्याळ आधी तपासा.

इंपोर्ट झाल्यावर 'कार्डावरील फोटो पुसायचे का?' असे काही प्रोग्रॅम विचारतात. घाई करू नका. 'नाही' म्हणा. आधी फोटो मोजा. कार्डावर होते तेवढे संगणकात आले का, ते पाहा. काही फोटो उघडून बघा. मग सर्व फोटोंची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्यानंतरच कार्ड पुसा.

आणखी एक गोष्ट. फोटो संगणकात कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, हे तुम्हांला ठाऊक असले पाहिजे. 'पिकासा' हा प्रोग्रॅम पुष्कळ लोक वापरत. गूगलने तो २०१६ साली बंद केला. प्रोग्रॅम येतात आणि जातात. फोटो कुठे आहेत हे ज्याला माहीत असते, तो ते दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सहज नेऊ शकतो.

मुलांनो, संगणक नवा आणता येतो, कार्डही नवे मिळते. पण त्या ईदला हसलेली दादीजान पुन्हा तशीच टिपता येत नाही. म्हणून आधी उतरवा, मग तपासा, दुसरी प्रत ठेवा आणि सर्वांत शेवटी पुसा.