संगणक : नवा की वापरलेला?

१९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी त्यांना विरोध केला. आज शहाडच्या कामगाराच्या मुलालाही संगणक लागतो. तो नवा घ्यावा की वापरलेला?

आमचे म्हणणे असे, की आधी यंत्राचे वय विचारावे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला साधारणतः २०१७ मध्ये आलेला, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर मोफत लिनक्स चालविता येते. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एस्‌एस्‌डी बसविली, की मंद यंत्रही चपळ होते. मात्र बिल व हमी लेखीच घ्यावी. पगाराची शाश्वती नसलेल्या घरात नव्या यंत्राचा हप्ता जड जातो, हे विसरू नये.